सकाळी डोलणारी बोट आणि दुपारी आपटणारी बोट

दसरा झाला की माझ्याकडे फोन सुरू होतात. पाऊस उघडलेला असतो, कोयना धरणाचा शिवसागर भरलेला असतो, वासोटा किल्ल्याला जाणारी पोरं बामणोलीच्या काठावर सकाळपासून उभी असतात. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अण्णा, बोट उडतीय."

साताऱ्यात माझं फायबर आणि आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायच्या, इंजिनचं छोटं काम आहे. या एका वाक्यापायी लोकांनी इंजिनं बदललेली, इंजिनखालचे पंखे (प्रोपेलर) बदललेले, एकानं तर अख्खी बोट विकलेली मी पाहिली आहे. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच वाक्य. कारण "उडते" हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या दुखण्यांना वापरतो, आणि त्या दोघांचे इलाज बऱ्याचदा एकमेकांच्या उलटे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारतो. कधी उडते? सकाळी सातला, पाणी आरशासारखं असताना? की दुपारी दोन-तीनला, वारा सुटल्यावर?

ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन बघा. रोज जेवढी माणसं घेता तेवढीच घ्या, त्यांना रोजच्याच जागी बसवा, आणि सरळ रेषेत थ्रॉटल हळूहळू उघडा. ठरावीक वेगाला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर, खाली, वर, खाली अशी तालात डोलायला लागली, पाळण्यासारखी, आणि थ्रॉटल थोडा कमी करताच थांबली, तर ते पहिलं दुखणं. इंग्रजीत त्याला पॉर्पॉइझिंग म्हणतात, पॉर्पॉइझ या डॉल्फिनसारख्या प्राण्यावरून. पाण्यात लाट नाही, तरी बोट उसळ्या मारते. म्हणजे दोष बोटीत आहे, तळ्यात नाही.

सकाळी बोट शहाण्यासारखी चालली आणि दुपारीच धाड धाड आपटत असेल, ताल नसेल, कधी जोरात कधी हळू, तर ते दुसरं दुखणं. ते तळाच्या आकाराचं आहे. त्याला पाना चालत नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी डोलणं. वेगात आलेली बोट पाण्यात तरंगत नसते, पाण्यावर घसरत असते. तळाचा मागचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला असतो आणि सगळं वजन त्यावर तोललेलं असतं. नाळ जास्त वर गेली की टेकलेला भाग आखूड होतो आणि आधार मागे सरकतो. मग पुढच्या वजनानं नाळ खाली पडते, टेकलेला भाग लांबतो, आधार पुढे येतो, नाळ पुन्हा उचलली जाते. हे चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. डॅनियल सावित्स्की या अमेरिकन अभियंत्यानं 1964 मध्ये घसरणाऱ्या तळांचं गणित मांडलं. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच की वेग आणि वजन ठरलं की नाळ किती अंश उचललेली चालेल याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की डोलणं सुरू. तळ सपाट असेल तर ही मर्यादा लवकर येते, तळाला उतार असेल तर थोडी उशिरा.

इलाज स्वस्तापासून महागाकडे करत जायचं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, पहिली धाव नव्या पंख्याकडे.

सगळ्यात आधी इंजिन टेकतं ती टिल्टची पिन बघा. लहान इंजिनांना चार-पाच भोकं असतात. पिन एक भोक आत घ्या, म्हणजे इंजिनचा पाय मागच्या फळीच्या (जिला इंजिन अडकवतात तिच्या) जवळ येईल आणि नाळ थोडी बसेल. पुन्हा चालवून बघा. निम्म्या बोटी इथेच बऱ्या होतात, आणि त्याचे पैसे मागायला मला लाज वाटते, म्हणून चहा घेतो.

मग वजन. पेट्रोलची टाकी, नांगर, बॅटरी, दोरखंड, सगळं मागच्या फळीला टेकवून ठेवायची सवय असते, कारण ते हाताशी लागतं. 50 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 37 किलो. ते तीन फूट पुढे सरकवलं तरी फरक जाणवतो.

मग इंजिनची उंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा साधारण इंचभर वर असावी. इंजिनच्या पायाची लांबी 15, 20 आणि 25 इंच अशी मिळते. 15 इंच उंचीच्या फळीवर 20 इंचांचं इंजिन लावलं की पाय पाण्यात फार खोल जातो, ओढ वाढते, पाणी उसळून मागे आत येतं.

पंख्याबद्दल एक गोष्ट किनाऱ्यावरचे मेकॅनिक सहसा विचारात घेत नाहीत, कारण त्यांना गरजच पडत नाही. शिवसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांवर असते. साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं. म्हणजे रत्नागिरीला 40 हॉर्सपॉवर देणारं इंजिन आपल्याकडे साडेसदतीसच्या आसपास देतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर तर आणखी कमी. किनाऱ्यावरून बोट आणली, पंखा तोच ठेवला, तर पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो किती पुढे सरकेल ते माप, एक इंच कमी केला की फेऱ्या साधारण 150 ते 200 नी वाढतात. त्यासाठी टॅकोमीटर लागतो. कानानं फेऱ्या ओळखणारे खूप भेटतात, बरोबर ओळखणारा अजून भेटायचाय.

एवढं सगळं करूनही बोट डोलत असेल, आणि विशेषतः गेल्या वर्षी डोलत नव्हती, यंदाच डोलते असं असेल, तर बोट पाण्यातून बाहेर काढून उलटी करा. इथून माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सुरू होते.

बामणोलीकडच्या एका बोटवाल्याची 16 फुटी फायबरची बोट. पहिल्या वर्षी आली तेव्हा पिन, टाकी, उंची सगळं करून झालं, डोलणं थांबेना. मग प्लास्टर करणाऱ्या गवंड्याची अॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि मागच्या फळीपासून पुढे पाच फुटांपर्यंत तळाला उभी लावून बघितली. हा भाग कणा, म्हणजे तळाची मधली रेघ, सोडून, त्याला समांतर, दोन्ही बाजूंना तीन-चार ठिकाणी तपासायचा. इथे तळ पट्टीसारखा सरळ पाहिजे. पट्टीची टोकं टेकली आणि मधे फट दिसली तर तळ आत गेलाय, त्याला हुक म्हणतात. त्यानं नाळ दाबली जाते, वेग पडतो, बोट नाक खुपसून चालते. उलट पट्टी मधेच टेकली आणि टोकाला सी-सॉसारखी हलली तर तळ बाहेर फुगलाय, तो रॉकर. तो नाळ उचलतो आणि डोलणं आणतो. तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा बोटीला कळतो. या बोटीला पाचच्या आसपास रॉकर होता.

मी काय केलं? मागच्या फळीच्या बुडाला फायबरची पाचर चढवली. त्यानं मागची बाजू उचलली गेली, नाळ बसली, बोट झकास पळायला लागली. बोटवाला खूश, मी खूश. पुढच्या ऑक्टोबरला फोन आला. "अण्णा, परत उडतीय."

पट्टी लावली तर रॉकर वाढलेला. तेव्हा मी विचारायला हवा होता तो प्रश्न एक वर्ष उशिरा विचारला. पावसाळ्यात बोट कुठे ठेवतोस?

घरामागे, दोन लाकडी ओंडक्यांवर. एक नाळेखाली, एक अगदी मागच्या फळीखाली. वर प्लास्टिकचा कागद, तो जुलैत फाटतो. पाणी काढायच्या भोकाला बुच लावलेलं, का तर "उंदीर शिरत्यात". आता हिशोब करा. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा फूट पाणी धरलं तरी 675 किलो होतं. जावळीतला पाऊस अर्ध्या फुटावर थांबणारा नाही. दोन टोकांना आधार, मधे पाऊण टन, असे तीन-चार महिने. कुठलाही तळ झुकेल. पण फायबरचा तळ पाणी काढल्यावर बराचसा परत यायला हवा, हा येत नव्हता. का?

वजन केलं तेव्हा कळलं. ऊसवाले जिथे ट्रॉली तोलतात तिथल्याच एका वजनकाट्यावर आम्ही बोट ट्रेलरसकट घातली, मग रिकामा ट्रेलर. काट्यावरच्या पोरानं विचारलं, "ह्यात ऊस कुठाय?" इंजिन, टाकी वजा जाता बोट तिच्या मूळ वजनापेक्षा दीडशे किलोच्या वर भरली. ते सगळं पाणी होतं, पाय ठेवायच्या फळ्यांखालच्या फोममध्ये आणि लाकडात मुरलेलं. त्या फळ्या कापल्या. तळाला ताठ ठेवणारे उभे लाकडी दांडे फायबरच्या पातळ थरात गुंडाळलेले असतात. वरून थर चांगला दिसत होता, आत हाताचं बोट घातलं तर लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. कणाच मोडलेल्या माणसाला मी वर्षभरापूर्वी नवी चप्पल घालून पाठवलं होतं.

दुसऱ्यांदा नीट केलं. फोम काढून टाकला, दांडे काढले, खालून जॅक लावून तळ पट्टीला सरळ येईपर्यंत उचलला, तसाच धरून आत नवे दांडे बसवले आणि त्यांच्यावर भरपूर फायबर चढवलं. दांड्यांमधून पाणी मागे वाहून यावं म्हणून तळाशी भोकं ठेवली आणि त्या भोकांच्या कडाही रेझिननं बंद केल्या. पहिल्या कारागिरानं नेमक्या त्याच कडा उघड्या सोडल्या होत्या. लाकूड तिथूनच पाणी प्यायलं. पाचर घासून काढली.

हुकवाल्या बोटींची कहाणी उलटी असते. तिथे ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या मागच्या फळीच्या दीड-दोन फूट आधीच संपतात आणि इंजिन वर्षभर तसंच लटकत राहतं. मागचा तुकडा खाली वाकतो. ट्रेलरची पट्टी फळीपर्यंत वाढवणं हे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता दुपारची आपट.

शिवसागराची लांबी साधारण 50 किलोमीटर, आणि तो डोंगरांच्या मधल्या अरुंद खोऱ्यात पसरलाय. वारा खोऱ्याच्या दिशेनं सुटला की त्याला लांबच लांब मोकळं पाणी मिळतं. लाट समुद्रासारखी मोठी होत नाही, हातभर-दीड हात, पण उभी आणि जवळजवळ. तिसरी लाट पार करेपर्यंत दुसरीचा धक्का मणक्यातून गेलेला नसतो. आणि वेग दुप्पट केला की आपट दुप्पट नाही, ढोबळमानानं चौपट होते.

तळ समजून घ्यायचा तर घराचं छप्पर उलटं करून बघा. माण-खटावकडची जुनी धाब्याची घरं, छप्पर सपाट. जावळी-महाबळेश्वरकडे उतरती छपरं, कारण पाऊस कापून बाजूला टाकायचाय. बोटीचंही तेच. तळाच्या उताराला डेडराईज म्हणतात, तो अंशात मोजतात आणि सहसा मागच्या फळीपाशी मोजतात.

सपाट तळ पाण्यावर पटकन चढतो, कमी हॉर्सपॉवरमध्ये पळतो, उथळ पाण्यात जातो आणि काठावर उभा असताना डगमगत नाही. 2019 च्या पुरात सांगलीच्या गल्ल्यांतून ज्या रबरी बोटी फिरल्या त्यांना सपाट बुडाचा हाच फायदा होता. तिथे वेग कोणाला हवा होता? पण लाटेत सपाट तळ म्हणजे पाण्यावर मारलेली थाप. सकाळी राजा, दुपारी वैरी.

दुसऱ्या टोकाला डीप-व्ही, मागच्या फळीपर्यंत 20 ते 24 अंशांचा उतार. हा आकार रे हंट या अमेरिकन रचनाकारानं रुळवला. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना डिक बर्ट्रामची 'मॉपी' ही हंटच्या आराखड्याची बोट जिंकली आणि तिथून सगळं जग डीप-व्हीच्या मागे लागलं. खोल तळ लाट कापतो यात वाद नाही. पण किंमत मोजावी लागते. उतार जितका जास्त तितकी पाण्याची उचल कमी, म्हणून पाण्यावर चढायला जास्त ताकद हवी. उभी असताना ती एका अंगावर कलते. पर्यटक बोटीच्या काठावर पाय ठेवतो आणि किंचाळतो. आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, तेव्हा खोल तळ म्हणजे रोजची धास्ती. किनाऱ्यावरून जुनी डीप-व्ही स्वस्तात आणलेले एकजण माझ्याकडे आले होते. 40 हॉर्सपॉवर, वर आठ माणसं, उंचीमुळे गेलेली ताकद वेगळीच. ती बोट पाण्यावर चढायचीच नाही, नाळ आभाळाकडे करून नांगर ओढल्यासारखी जायची. त्यांना इंजिनचा दोष वाटत होता.

मधे तीन बुडांचा कॅथेड्रल प्रकार आहे. बोस्टन व्हेलरची 1958 ची 13 फुटी बोट याच घराण्यातली, तीही हंटच्याच हातची. उभी असताना चौरंगासारखी स्थिर, माणसं भरपूर बसतात. आखूड लाटेत मात्र बाजूची बुडं आपटतात आणि तुषार अंगावर येतात. दोन बुडांचा कॅटामरान लाटेत मऊ चालतो, पण वजन जास्त झालं की मधल्या बोगद्याचं छत लाटेवर थडकायला लागतं, आणि आपल्याकडे वजन जास्त होत नाही असा रविवार मी पाहिलेला नाही. पायऱ्यांचा तळ पायऱ्यांखाली हवा ओढून घर्षण कमी करतो, वेग वाढतो. पण तो वजनाच्या जागेला फार नाजूक, आणि वेगात कचकन वळवला तर मागची बाजू सुटू शकते. पर्यटकांच्या धंद्यात त्याचं काम नाही.

निव्वळ वेगच हवा असेल तर उत्तर वेगळं आहे. पाण्यावरच्या वेगाचा विक्रम केन वॉर्बीनं 8 ऑक्टोबर 1978 ला केला, ताशी 511 किलोमीटर, आणि तोही समुद्रात नाही, ऑस्ट्रेलियातल्या ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयात. बोट त्यानं घरच्या अंगणात बांधलेली. तीन जागी जेमतेम पाण्याला टेकणारा तळ, आणि त्याला पाणी शांतच लागतं. वेगवान तळ आणि लाट सोसणारा तळ एकच असता तर त्यानं धरण शोधलं नसतं.

शिवसागरासाठी कोणी मला नवी बोट विचारली तर मी पुढे धारदार आणि मागे 15 ते 18 अंशांवर येणारा मध्यम व्ही सांगतो. ना सगळ्यात वेगवान, ना सगळ्यात मऊ. मोठ्या प्रवासी लाँचचा विषयच निराळा. त्या पाणी कापत जातात, पाण्यावर चढत नाहीत. पाण्यातली लांबी 30 फूट असेल तर तिचा नैसर्गिक वेग ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास. दुप्पट इंजिन लावलं तरी मागची लाट मोठी होते आणि डिझेल जातं. वासोट्याच्या पायथ्याला लाँच वेळ घेते ती ड्रायव्हरच्या आळसानं नाही.

बोट आहे तीच ठेवून आपट कमी करायची तर वेग उतरवा, लाटेला थोडं तिरकं घ्या, आणि समोरून लाट असेल तर पिन आत घेऊन पुढचा धारदार भाग पाण्यात राहू द्या. लाट मागून येत असेल तर उलट, नाळ जरा उचललेली हवी, नाहीतर ती पुढच्या लाटेत घुसते आणि बोट आडवी फिरते. माणसं मागे बसवा. धक्का सगळ्यात जास्त नाळेपाशी बसतो, पुढच्या बाकावरच्या वयस्कर माणसाचा मणका एका आपटीत दुखावू शकतो.

आणि घोळ होतो तो नेमका इथे. सकाळचं डोलणं थांबवायला बोटवाले काय करतात? चार पाहुणे पुढे बसवतात. डोलणं थांबतं, दुखणं दडतं. दुपारी परतताना तेच चार जण त्याच पुढच्या बाकावर, समोरून लाट, नाळ जड. मग आपटही सगळ्यात जास्त आणि पाणीही नाळेवरून आत. मोडलेल्या दांड्यांवर माणसांचा उतारा करून चालवलेली बोट सकाळी बरी दिसते म्हणून कोणी काठावर ओढत नाही.

ती 16 फुटी बोट यंदा जूनमध्ये मी स्वतः जाऊन ठेवली. इंजिन काढून घरात. खाली जुने टायर, त्यांच्यावर तळाच्या लांबीभर फळ्या, मागच्या फळीपर्यंत. नाळ दोन वीत वर, बुच काढलेलं, भोकाला उंदरासाठी जाळी. ऑक्टोबरात पट्टी लावली, कुठेच हलली नाही.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"अण्णा, सकाळी लय भारी चालतीय. पर आत्ता आपटतीय."

"वाजले किती?"

"तीन."

"पुढच्या बाकावर कोण हाय?"

"पाव्हणं बसल्यात."

"त्यास्नी मागं घे. आन् थ्रॉटल सोड."